जस्ती पत्र्याचं ठिगळ

आमची भट्टी पाहायला आलेला माणूस पहिला प्रश्न हमखास हाच विचारायचा, "आग कुठं हाय जी?"

गोंदियात भट्टी म्हटलं की मुरमुऱ्याची, नाहीतर विटांची. धूर नाही, कोळसा नाही, राख नाही अशीही भट्टी असते, यावर विश्वास बसायला लोकांना वेळ लागे. माझे सख्खे काका एकदा एमआयडीसीत आले, भट्टीभोवती दोन चकरा मारल्या, काचेच्या भोकातून आत डोकावले आणि गावी जाऊन सांगितलं, "पोट्टा पुन्याले अकरा वर्षं राहून आला अना इथं लोखंडाले हवा घालून रायला!" मला तेव्हा भयंकर राग आला होता. आता वाटतं, इतक्या थोडक्यात माझं काम मलासुद्धा कधी सांगता आलं नाही.

कारण लोखंडाला हवा घालणं एवढंच ते काम. पोलादी वस्तू घ्यायची, धुऊन-पुसून चकचकीत करायची, बंद टाकीत ठेवायची. पंप लावून आतली सगळी हवा ओढून घ्यायची आणि मग चिमूटभर म्हणावा इतका नायट्रोजन आणि हायड्रोजन आत सोडायचा. विजेचा दाब दिला की तो वायू जांभळा दिसायला लागतो. पोलाद पाचशे अंशांच्या आसपास तापतं आणि नायट्रोजन त्याच्या कातडीत शिरतो. आठ-दहा तासांनी थंड करून बाहेर काढलं की आकार तोच, माप तेच, पण वरची कातडी इतकी टणक की कानस घसरते. याला प्लाझ्मा नायट्रायडिंग म्हणतात. भट्टीचे मालक, आमचे शेठजी, हे नाव पाहुण्यांसमोर फार ऐटीत घ्यायचे आणि दर वेळी वेगळंच घ्यायचे.

गोंदिया म्हणजे राइस मिल. त्यामुळे माझ्याकडे येणारा माल म्हणजे मिलचे शाफ्ट, गिअर आणि सगळ्यात जास्त पॉलिशरच्या जाळ्या. भुसा काढलेला तांदूळ पॉलिशरमध्ये जाळीवर घासला जातो आणि कोंडा जाळीच्या भोकांतून खाली पडतो. आता तांदूळ तो काय आणि लोखंड ते काय! पण दिवसरात्र घासून तांदूळ लोखंड खाऊन टाकतो. भोकं मोठी होतात, मग कोंड्याबरोबर कणीही खाली जायला लागते आणि मिलवाला कपाळाला हात लावतो. म्हणून जाळी टणक करून घ्यायची.

पण भट्टीत लावायच्या वस्तूला आम्ही जॉब म्हणतो, आणि जाळी हा जॉब आमच्यासाठी डोकेदुखी. साध्या पद्धतीत वीज सरळ जॉबलाच देतात. जाळीला इतकी भोकं, प्रत्येक भोकात तो जांभळा उजेड साचतो आणि तिथंच जास्त तापतो. बाहेर निघेपर्यंत भोकांच्या कडा जळून जातात. त्यावरचा उपाय म्हणजे जाळीच्या जॉबला जाळीचाच पिंजरा. टाकीत भोकाभोकांच्या स्टेनलेस पत्र्याचा मोठा पिंजरा उभा करायचा, जॉब त्याच्या आत टांगायचे आणि वीज पिंजऱ्याला द्यायची. उजेड पिंजऱ्यावर नाचतो, जॉब आत निवांत शेकत बसतात. पिंजऱ्याचे अगदी बारीक कण उडून नायट्रोजनसोबत जॉबवर बसतात, म्हणजे पिंजरा ज्या धातूचा त्याचा लेप आतल्या वस्तूवर चढतो. म्हणून पिंजऱ्यात काय आहे ते भट्टीवाल्याला ठाऊक असायलाच पाहिजे. हा आमच्या धंद्याचा पहिला धडा, आणि तो मी दुसऱ्यांना शिकवत होतो.

शिकवत होतो म्हणजे काय, छळत होतो. बोटाचा तेलकट ठसा जॉबवर दिसला की मी अख्खा माल परत धुवायला लावायचो. तंबाखू खाऊन कोणी भट्टीजवळ आला तर त्याची खैर नसे. एका दसऱ्याला शेठाणीबाई हळद-कुंकू घेऊन थेट पिंजऱ्याकडे निघाल्या, तर मी आडवा हात केला. "भाभीजी, पूजा बाहर के पॅनल की." त्या महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. कामगार माझ्या आडनावावरून याला 'पटलेजीचं सोवळं' म्हणायचे. मला ते ऐकू यायचं आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं. आमगावकडचा एक म्हातारा तर आपला अडकित्ता घेऊन आला होता. म्हणे, दात गेले, आता सुपारी भुग्यासारखी पाहिजे, याला असा कर की मी मेल्यावरही चालला पाहिजे. त्याचा अडकित्तासुद्धा मी तीनदा पुसून भट्टीत लावला. माझ्या हातून चूक होत नाही असं लोक म्हणत होते आणि मीही म्हणत होतो.

तो पिंजरा बनवायचा सदाराम. मिलवाल्यांच्या जाळ्याही तोच बनवायचा. मूळचा दवनीवाड्याचा, गोंदियात रेलटोलीच्या बाजूला त्याचं पत्र्याचं छोटं दुकान. हातप्रेस जुना, पण ठसे त्याचे स्वतःचे. ठसा म्हणजे ज्यानं पत्र्याला भोक पडतं ती पोलादी खिळी. प्रत्येक भोकाच्या मापाचा वेगळा ठसा, तो स्वतः घासून बनवायचा आणि तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. ओळीमागून ओळ भोकं पाडत जायचा, ना पेन्सिलची खूण ना काही. जाळी झाली की दारात जाऊन सूर्याकडे धरायचा, एक डोळा बारीक करून पाहायचा आणि म्हणायचा, "झाली जी." त्याची जाळी मी कधी मोजली नाही. मोजायची गरजच पडली नाही.

पत्रा त्याला पुरवायचा त्याचा साळा मन्साराम. अर्जुनी मोरगावला त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. पत्रा रायपूरहून यायचा, मन्साराम त्यातला निवडून सदारामला पाठवायचा. सदारामची बायको सेवंताबाई म्हणायची, "माहा भाऊ पत्रा देते, नवरा भोकं पाडते, अना लोकाईच्या तांदळाले पालिस होते. माह्या हातात काय येते तर कोंडा!" आणि खळखळून हसायची. मी त्या घरी कितीदा जेवलो आहे. अंबाडीची भाजी तिच्यासारखी कोणाला येत नाही.

आता मुद्द्याचं सांगतो.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, मिठाई, आणि दंडार, म्हणजे ढोलकीवर रंगणारं गावकऱ्यांचं नाचगाण्याचं सोंग. सदाराम दवनीवाड्याच्या दंडारीत ढोलकी वाजवायचा. वर्षभर तो माझा, पण मंडईच्या आठवड्यात तो कोणाचा नसे. आणि नेमका तोच आठवडा मिलवाल्यांच्या घाईचा. नवा धान येणार, मिल सुरू होणार, जाळ्या आजच्या आज पाहिजेत. त्या वर्षी एका मोठ्या मिलच्या जाळ्यांचा पूर्ण संच सदारामनं मंडईच्या आधी करून दिला आणि तो ढोलकी घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंजरा पाहिला तर एका बाजूला तळहाताएवढं भोक पडलेलं. पिंजरा झिजतो, त्यात नवल काही नाही. ठिगळ लावायचं काम सदारामचं. मी फोन केला.

"मंडई होऊ द्या जी, पटलेजी. पाच-सहा रोजानं येतो."

"अरे, मिल थांबली आहे तिकडं!"

"मिल कायची थांबते जी. ढोलकी थांबन इकडं." मागून दंडारीचा गलका ऐकू येत होता. तो हसला आणि फोन ठेवला.

मी चिडलो. जगात तू एकटाच पत्रा कापतोस का, असं मनात म्हणालो. स्टोअरमध्ये स्टेनलेसचा तुकडा नव्हता. कोपऱ्यात एक जुनी चाळणी पडली होती, मिलमधून कधीतरी आलेली, धुळीनं काळवंडलेली. भोकं साधारण तेवढीच. मी तिचा तुकडा कापला, तारेनं पिंजऱ्याला बांधला आणि माल लावला. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर पत्रा कोणता, कुठला, मी शंभर प्रश्न विचारले असते. स्वतःला एकही विचारला नाही.

ती चाळणी जस्ती पत्र्याची होती. आमच्याकडे धानाची कोठी जस्ताची, छप्पर जस्ताचं, बादली जस्ताची. कुठंही काही फाटलं की माणूस जस्ती पत्राच शोधतो. हाताला तीच सवय. पण जस्त आमच्या टाकीत टिकत नाही. हवा काढलेल्या जागी, तेवढ्या उष्णतेत ते वाफ होऊन उडतं आणि दिसेल त्याच्यावर जाऊन बसतं. मग नायट्रोजनचा थर पोलादाला नीट धरत नाही. वरून छान दिसतो, कामाला लागला की पापुद्र्यासारखा सुटतो.

दुसऱ्या दिवशी माल काढताना टाकीच्या आतल्या भिंतीवर मला पांढुरकी भुकटी दिसली. मी बोटानं घेतली. त्याच क्षणी समजलं. हे मी आज लिहून ठेवतो, कारण पुढं बरीच वर्षं मी स्वतःलाही सांगत राहिलो की मला तेव्हा कळलं नव्हतं. मला कळलं होतं. मी फडक्यानं भिंत पुसली, ठिगळ काढून भंगारात टाकलं आणि जाळ्यांकडे पाहिलं. जाळ्या सुरेख दिसत होत्या, करड्या, सारख्या. चालून जातील, असं स्वतःशी म्हणालो आणि माल पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी मिलवाले शेठ स्वतः आले. त्यांनी माझ्या टेबलावर मूठ उघडली. पांढरा शुभ्र तांदूळ आणि त्यात मिरीच्या दाण्याच्या चतुर्थांशाएवढे काळे कण.

"ये क्या है, पटलेजी? लोगों को लोहा खिलायेंगे क्या? पूरा माल वापस आ गया!"

आमचे शेठजी धावत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी त्या कणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पटलेजी, गलती किसकी है?"

एवढाच प्रश्न होता. माझी, असं म्हणायला किती वेळ लागतो? शेठजींनी मला काढलं नसतं. फार तर दोन शिव्या दिल्या असत्या आणि कामगारांनी मागं हसून घेतलं असतं. पण पटलेजीचं सोवळं विटाळलं, हे हसणं मला सहन होणार नव्हतं. सगळे कामगार दारात गोळा झाले होते. मी एक जाळी उचलली, उजेडात धरली आणि म्हणालो, "पत्रे में खोट है. हलका पत्रा लगाया है."

शेठजी लगेच म्हणाले, "देखा! मैं बोला था." ते असं काही कधीच बोलले नव्हते.

सदाराम मंडईवरून आला तो सरळ माझ्याकडे. त्याच्या गळ्यात अजून दंडारीचा लाल गमछा होता. त्यानं एक जाळी वाकवून पाहिली, कानशीनं घासली, नखानं खरवडली. मग माझ्यासमोर उभा राहिला.

"पटलेजी, पत्रा खराब होता का जी? तुमी सांगा. तुमी सांगान ते खरं."

त्या वेळी खोलीत आम्ही दोघंच होतो. हसणारं तिथं कोणी नव्हतं. त्या वेळी तरी सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "असंल बा. भट्टी खोटं बोलत नाही."

त्यानं गळ्यातला गमछा काढून त्यात जाळी गुंडाळली आणि गेला. तडक अर्जुनीची गाडी धरली. तिथं काय झालं ते मला नंतर सेवंताबाईकडून कळलं. साळ्याच्या दुकानात, भर गिऱ्हाइकांत त्यानं ती जाळी मन्सारामच्या पुढ्यात आदळली. मन्सारामनं लेकरांची शपथ घेतली की पत्रा नेहमीचाच होता, स्वतः निवडून दिला होता. सदाराम म्हणाला, "मंग भट्टी खोटी बोलते का? पटलेजी खोटे बोलतेत का?" माझं वाक्य त्या दुकानापर्यंत गेलं होतं. बोलाचाली वाढली, कोणीतरी कोणाची कॉलर धरली आणि सदाराम सांगून आला, आजपासून तुझा-माझा संबंध मेला.

सेवंताबाईनं नवऱ्याचा शब्द पाळला. त्या वर्षापासून तिची भाऊबीज बंद. माहेर गाडीनं दोन तासांवर, पण ती गेली नाही. आई-बाप आधीच गेले होते, एकच भाऊ होता.

मिलवाल्यांनी सदारामकडून जाळ्या घेणं सोडलं. बाहेरच्या, मशीनवर बनलेल्या जाळ्या यायला लागल्या. खरं सांगायचं तर त्या आज ना उद्या येणारच होत्या. या गोष्टीचा मी पुष्कळ आधार घेतला आहे. पण त्या आल्या तेव्हा सदारामच्या हाताला नाव ठेवून आल्या, आणि ते नाव मी ठेवलं होतं. तो मग पेट्या, कोठ्या, कूलरचे पत्रे असलं काम करू लागला. नवीन पत्रा आणला की त्याचा कोपरा कापून माझ्याकडे घेऊन यायचा. "पाहा जी, हा तरी चांगला हाय का?" दवनीवाड्याचा तो हसरा माणूस, त्याला पत्र्याची पारख माझ्या दहापट होती, आणि तो माझ्यासमोर कापलेला कोपरा घेऊन उभा! मी उलटसुलट करून पाहायचो आणि म्हणायचो, "चांगला आहे." त्याचा जीव हलका झालेला दिसायचा.

मग त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे नवरीला मांडवात मामा घेऊन येतो, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागं मामा कट्यार घेऊन उभा राहतो. आठ दिवस आधी सदाराम घरी आला. माझ्या बायकोनं चहा दिला, तो त्यानं बशीत ओतून तसाच ठेवला.

"पटलेजी, मामाच्या जागी तुमी उभे राहा."

"अरे, मन्सारामला बोलाव ना बा. मुलीचं लग्न आहे. झालं गेलं..."

"नाव नोका काढू त्याचं. ज्यानं माह्या हाताले खोट लावली तो माह्या पोरीच्या मांगं उभा राहीन का?" आणि मग हळू आवाजात, "तुमाले नाई म्हनाचं असन तं म्हना जी. पर तुमच्याबिगर मले दुसरा मानूस नाई."

मी उभा राहिलो. नवा कुर्ता घालून, हातात कट्यार घेऊन, त्या पोरीच्या मागं मी उभा राहिलो. अक्षता डोक्यावर पडत होत्या. समोर बायकांमध्ये सेवंताबाई पदर तोंडाला लावून रडत होती. सगळ्यांना वाटलं, लेक चालली म्हणून रडते. ती अधूनमधून मांडवाच्या दाराकडे पाहत होती, ते मला दिसत होतं. माझ्यासारखा निर्लज्ज माणूस त्या मांडवात दुसरा नव्हता.

सदाराम गेला तो पोटातल्या गाठीनं. तीन महिन्यांत माणूस चिपाडासारखा झाला. जाण्याआधी त्यानं बायकोकडून वचन घेतलं होतं की साळ्यानं मयतीला शिवायचं नाही. मोक्षधामाबाहेर रस्त्याच्या पलीकडे मन्साराम उभा होता. काखेत पिशवी. आमच्यात विधवा बहिणीला माहेरचं लुगडं भाऊच आणतो, ते त्या पिशवीत असणार. त्याला कोणी आत ये म्हटलं नाही. मी खांदा देऊन पुढं निघालो, तेव्हा आमची नजरानजर झाली. त्यानं मला हात जोडले. मी मान वळवली.

त्यानंतर वर्षभरात आमचं युनिट विकलं गेलं आणि मी घरी बसलो. घरी बसलेल्या माणसाला विचार करायला भरपूर वेळ असतो. तरी मी उठून रेलटोलीला गेलो नाही. तेवढी हिंमत माझ्यात आली नाही. मी वाट पाहत होतो, कशाची ते मलाही माहीत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस सेवंताबाईच माझ्या दारात आली. हातात कापडी पिशवी, तेलकट. ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि पिशवी माझ्या पुढ्यात सरकवली. आत सदारामचे ठसे होते. सगळे, मापाप्रमाणे लावून, फडक्यात गुंडाळलेले.

"हे तुमाले द्या म्हनले होते," ती म्हणाली. "मीच उशीर केला. घरातून काढाले जीव होत नोवता."

"मला कशाला, बाई? मी तर भट्टीवाला."

"तेच म्हनले ते. सप्पे लोक गोड गोड बोल्ले, नाई सदाराम, तुहं काम चांगलं हाय. पटलेजीनं तोंडावर खरं सांगतलं. खरं बोलनाऱ्याच्या घरी माहे ठसे राहू द्या म्हनले."

मी त्या पिशवीकडे पाहत बसलो. बायको आतून चहा घेऊन आली आणि माझं तोंड पाहून तिथंच थांबली. मग मी सांगितलं. ठिगळ, चाळणी, जस्त, भिंतीवरची पांढरी भुकटी, शेठजींचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं. कुठंही थांबलो नाही. बायकोलाही ते पहिल्यांदाच कळत होतं. बोलून झाल्यावर मी म्हणालो, "पत्रा चांगला होता, बाई. काम पण चांगलं होतं. खोट माझी."

मला वाटलं ओरडेल, शिव्या देईल. मी वाटच पाहत होतो.

"कायले?" ती म्हणाली. "त्याईनं तुमचं काय बिघडवलं होतं जी?"

"काही नाही."

"मंग कायले?"

"लोक हसले असते."

ती माझ्याकडे पाहत राहिली, जणू मी परक्या मुलखाच्या भाषेत काही बोललो होतो. मग म्हणाली, "ते मरेस्तोवर आपले हात पाहत रायचे. रात्री उठून पाहत. म्हनत, सेवंता, भोक तं सारकं पडत होतं ना? मी म्हनो, पडत होतं जी, झोपा. अना माहा भाऊ..." तिनं ठशांची पिशवी उचलली, छातीशी धरली आणि उठली. चहा तसाच राहिला. फाटकापाशी जाऊन वळली. "उद्या सकारच्या गाडीनं अर्जुनीले चाला माह्यासंग. मी सांगीन तं तो म्हनन, बाई समजूत काढून रायली. तुमच्या तोंडून सांगा."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. डब्यात ती खिडकीशी, मी समोर. बाहेर धान पिकत आला होता. कुठलंसं स्टेशन आलं की ती पदर सारखा करायची, जणू उतरायचंच आहे.

मन्सारामचं घर दुकानाच्या मागंच. तो अंगणात सुतळी गुंडाळत बसला होता. केस सगळे पिकले होते. त्यानं आधी मला पाहिलं, मग माझ्यामागं बहिणीला. सुतळी हातातून सुटली. उठला, पण पुढं आला नाही. शेजारच्या अंगणातली माणसं आमच्याकडे पाहू लागली.

मी जवळ जाऊन हळूच सुरुवात केली, "मन्सारामजी, त्या जाळ्यांचं..."

"मोठ्यानं सांगा," सेवंताबाई म्हणाली. "तेवा बोलाचं होतं तं बोल्ले नाई. आता सप्प्याईले आयकू द्या."

मी मोठ्यानं सांगितलं. भर अंगणात, शेजाऱ्यांसमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. रस्त्यावरची दोन माणसं सायकल थांबवून ऐकत होती. पुण्यात शिकलेला, बोटाच्या ठशावरून माल परत पाठवणारा मी, ठिगळाची गोष्ट सांगत होतो. शेवटी म्हणालो, "तुमचा पत्रा चांगला होता. मी खोटं बोललो. मला माफ करा." आणि हात जोडले.

मन्सारामनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो सबंध वेळ बहिणीकडे पाहत होता. तिच्या कपाळाकडे, रिकाम्या गळ्याकडे. मग पुढं आला, तिच्या हातातली ठशांची पिशवी आपल्या हातात घेतली आणि म्हणाला, "बाई, चाल. आत चाल. पाय धू." तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि अशी काही रडली की शेजारच्या बायकांनीही डोळ्याला पदर लावले. भावजय तांब्या घेऊन धावत आली. तिघंही आत गेली.

आमच्या भागात दारी आलेल्या माणसाला, मग तो कोणीही असो, बसा म्हणतात आणि पाणी विचारतात. मी अंगणात उभा होतो. आतून रडण्याचा आवाज येत होता, मग बोलण्याचा, मग भांड्यांचा. कोणी बाहेर आलं नाही. शेजारीही आपापल्या कामाला लागले. थोड्या वेळानं मी त्यांचं फाटक नीट लावून घेतलं आणि स्टेशनकडे निघालो.